एडिटर त्यांचा, शॉर्टकट आपले

वर्गात सगळ्यांकडं एकच कोड एडिटर. तरी एकाचा हात झरझर चालतो आणि दुसऱ्याचा माऊसवर अडकून बसतो. हा फरक पुष्कळदा हुशारीचा नसतोच, सेटिंगचा असतो. आणि सेटिंग बदलायला पैसे लागत नाहीत.

सेकंडहँड गाडी घेतली की आपण पहिलं काम काय करतो? आरसे आपल्या उंचीला लावतो. क्लच जड वाटला तर गॅरेजला जाऊन हलका करून घेतो. शेतात नवं खुरपं आणलं तरी मूठ हातात बसते का बघतो. नाही बसली तर चिंधी गुंडाळतो. आणि कोड लिहायचा एडिटर? तो मात्र जसा डाऊनलोड झाला तसाच्या तसा डिग्री संपेपर्यंत वापरतो. अक्षर बारीक दिसतंय? मान पुढं काढून वाचायचं. एक ओळ दोन ओळी खाली न्यायचीय? माऊसनं सिलेक्ट करा, कट करा, खाली जा, पेस्ट करा. लाईट गेली आणि सेव्ह केलं नव्हतं? बसा परत लिहीत.

जतसारख्या ठिकाणी शिकणाऱ्याला तर हे जास्तच महागात पडतं. घरात लॅपटॉप एक, तोही भावंडांत वाटलेला. नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. कॉलेजच्या लॅबमध्ये आपला टर्न येतो तो तासाभरासाठी, आणि दर वेळी पीसी वेगळा. पुण्या-मुंबईच्या पोराकडं मशीन भारी असेल, स्क्रीन मोठी असेल. आपल्याकडं ते नसेल तर जे आहे त्यातून पुरेपूर वसूल करायचं. त्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे एडिटर आपल्या हाताला बसवून घेणं.

उदाहरण घेऊ 'व्हीएस कोड'चं, कारण बहुतेकांच्या लॅपटॉपवर तोच आहे. मायक्रोसॉफ्टनं तो एप्रिल २०१५ मध्ये पहिल्यांदा दाखवला आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तो फुकट आहे. 'सबलाइम', 'नोटपॅड प्लस प्लस' किंवा 'इंटेलिजे' वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त मेनूची नावं बदलतात.

आधी आरसे लावा

कंट्रोल दाबून स्वल्पविराम दाबा. सेटिंग्जचं पान उघडतं. शेकडो पर्याय दिसतात आणि माणूस घाबरून पान बंद करतो. घाबरायचं काही कारण नाही. हे पान म्हणजे नुसता चेहरा आहे. त्याच्यामागं एक साधी मजकुराची फाइल असते, 'सेटिंग्ज डॉट जेसन'. महिरपी कंसांची एक जोडी, आत सेटिंगचं नाव, मग कोलन, मग किंमत. तुम्ही जे बदललंय तेवढंच त्यात लिहिलं जातं. म्हणजे शेकडो पर्यायांतून तुमची फाइल होते दहा-बारा ओळींची. ती स्वतःलाच मेल करून ठेवा. उद्या लॅपटॉप फॉरमॅट झाला तरी पाच मिनिटांत सगळं जागेवर.

सुरुवातीला एवढे बदल पुरेत.

फॉन्ट साइझ. विंडोजवर मूळ आकार १४ असतो. डोळ्यांना ताण पडत असेल तर १६ करा, १८ करा. यात कमीपणा कसला? आणि फक्त थोडा वेळ सगळंच मोठं हवं असेल तर कंट्रोल आणि अधिकचं बटण.

ऑटो सेव्ह. यात 'आफ्टर डिले' निवडलं की टायपिंग थांबल्यावर एका सेकंदानं फाइल आपोआप सेव्ह होते. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात आणि बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर ही सेटिंग पहिल्या दिवशी चालू करायची. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 'फॉरमॅट ऑन सेव्ह', म्हणजे सेव्ह करताना कोड आपोआप नीट मांडून घेणं, हे या प्रकारच्या ऑटो सेव्हला चालत नाही. दोन्ही चालू केलं आणि फॉरमॅटिंग होईना म्हणून पोरं तासभर डोकं खाजवतात. त्यासाठी कंट्रोल + एस हातानं दाबावं लागतं.

वर्ड रॅप. लांबलचक ओळ स्क्रीनच्या बाहेर पळत असेल तर ऑल्ट + झेड. ओळ तिथल्या तिथं मोडून दिसते, फाइलमध्ये काही बदल होत नाही. छोट्या स्क्रीनवाल्यांसाठी हे फार कामाचं.

मिनिमॅप. उजव्या कडेला सगळ्या कोडचं चिमुकलं चित्र दिसतं ना, ते. छान दिसतं, पण चौदा इंची स्क्रीनवर जागा खातं. बंद करा.

अपडेट. एडिटर आणि त्याची एक्स्टेन्शन्स आपण होऊन नवी आवृत्ती खाली उतरवत असतात. हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा दीड-दोन जीबीचा असेल तर हे परवडणारं नाही. 'अपडेट मोड' मॅन्युअल करा, एक्स्टेन्शनचं ऑटो अपडेटही बंद करा, आणि महिन्यातून एकदा वायफाय मिळालं की हातानं अपडेट करा. विसरायचं मात्र नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात.

ही बटणं ठरवली कुणी?

आता शॉर्टकट. कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असल्यासारखं वाटतं. पण तेही कुणीतरी बसून ठरवलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा एडिटर केला. आजचं कट, कॉपी, पेस्ट तिथून आलं. पुढं टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले. १९८३ च्या 'लिसा' कम्प्युटरवर अनडू, कट, कॉपी आणि पेस्टला झेड, एक्स, सी, व्ही अशी ओळीनं शेजारशेजारची चार बटणं मिळाली. डाव्या हातानं सहज पोचता येतं अशी जागा. फेब्रुवारी २०२० मध्ये टेस्लर गेले. तोवर जगातले कोट्यवधी लोक ती चार बटणं दिवसभर दाबत होते.

दुसरा किस्सा याहून मजेशीर. 'विम' हा एडिटर वापरणारे सीनियर बघितले असतील. ते बाणांची बटणं वापरतच नाहीत. एच, जे, के, एल दाबून इकडं-तिकडं फिरतात. का? कारण १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी विमचा पूर्वज 'व्हीआय' लिहिला, तेव्हा ते 'एडीएम-३ए' नावाच्या टर्मिनलवर काम करत होते. त्याच्या कीबोर्डवर वेगळी बाणांची बटणंच नव्हती. बाण छापलेले होते ते एच, जे, के, एल या चार बटणांवर. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं. सवय मात्र अजून जिवंत आहे.

आपल्याकडचं उदाहरण टर्बो सी++ चं. डॉसवर चालणारा, निळ्या पडद्याचा. मोठ्या ताईनं-दादानं सी शिकली ती त्याच्यावरच. एफ-९ दाबला की कंपाइल, कंट्रोल + एफ-९ दाबलं की रन, ऑल्ट + एफ-५ दाबलं की आउटपुट. तोच माणूस व्हीएस कोडवर आला की एफ-९ दाबतो आणि ओळीच्या डाव्या बाजूला लाल ठिपका उमटतो, कारण इथं एफ-९ म्हणजे ब्रेकपॉइंट. रन होतं कंट्रोल + एफ-५ वर.

यातून एक गोष्ट कळते. शॉर्टकट म्हणजे काही निसर्गाचा नियम नाही. त्या त्या वेळी, त्या त्या कीबोर्डवर, त्या त्या माणसाला जे सोयीचं वाटलं ते त्यानं ठरवलं. व्हीएस कोडची सुरुवात झाली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या टीमकडून, एरिक गामा यांच्या नेतृत्वाखाली. तिथं बसून बटणं ठरवताना जतच्या लॅबमधला जुना डेस्कटॉप कुणाच्या डोळ्यासमोर असणार?

आपल्याकडची भांडणं

म्हणूनच काही शॉर्टकट आपल्या मशीनवर भांडणं लावतात. तीन भांडणं तर हमखास दिसतात.

पहिलं, स्क्रीन उलटी होणं. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल + ऑल्ट + खालचा बाण दाबला की खालच्या ओळीवर दुसरा कर्सर येतो. एकदम पाच ओळींत तेच टाइप करायचं असेल तर झकास. पण इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये हीच बटणं स्क्रीन फिरवायला दिलेली असतात. एडिटरपर्यंत निरोप पोचायच्या आधीच सगळा डेस्कटॉप डोक्यावर उभा. लॅबमध्ये हसू, आणि सर विचारतात, 'काय केलंस?' कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण दाबलं की स्क्रीन सरळ होते. कायमचा उपाय म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्या 'हॉट कीज' बंद करणं, किंवा एडिटरमध्ये या कामाला दुसरी बटणं देणं.

दुसरं भांडण खास आपलं, मराठी टायपिंगचं. विंडोजमध्ये इंग्रजीच्या जोडीला मराठी कीबोर्ड घेतला की बऱ्याच पीसीवर डावा ऑल्ट + शिफ्ट दाबून भाषा बदलते. आणि व्हीएस कोडमध्ये शिफ्ट + ऑल्ट + खालचा बाण म्हणजे ओळीची नक्कल, शिफ्ट + ऑल्ट + एफ म्हणजे फॉरमॅट. तिसरं बटण दाबायच्या आत बोटं सुटली, की भाषा बदलली. तुम्हाला पत्ताच नाही. पुढच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम दाबता आणि उमटतो 'च'. कारण मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याच बटणावर 'च' बसलाय. जावाचा कंपायलर काय, 'च' बघून ओरडतोच. उपाय सोपा आहे. विंडोजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'मध्ये 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा, 'चेंज की सिक्वेन्स'मध्ये जा आणि 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोजचं बटण + स्पेस आहेच. त्याच पानावर प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी भाषा ठेवायचीही सोय आहे. वर्डमध्ये मराठी, एडिटरमध्ये इंग्रजी, वाद संपला.

तिसरं, एफची बटणं. लॅपटॉपवर एफ-२ दाबावं तर आवाज कमी होतो, एफ-५ दाबावं तर उजेड बदलतो. खरा एफ-२ हवा तर सोबत 'एफएन' दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबून हे उलटं करता येतं, म्हणजे नुसतं एफ-२ दाबलं की एफ-२ च. तुमच्या कंपनीचं बटण वेगळं असेल तर बायोसमध्ये हा पर्याय मिळतो.

आणखी एक छोटं. कीबोर्ड 'इंग्लिश इंडिया' असेल तर उजवा ऑल्ट + ४ दाबून ₹ येतो, आणि विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल + ऑल्टच समजतं. म्हणून स्वतःचा शॉर्टकट करताना कंट्रोल + ऑल्टबरोबर आकडे घेऊ नका. रुपयाची आणि तुमची टक्कर होईल.

स्वतःचा शॉर्टकट असा करा

कंट्रोल + के दाबा, सोडा, लगेच कंट्रोल + एस दाबा. ही दोन टप्प्यांची चावी आहे. सगळ्या शॉर्टकटची यादी उघडते. वरच्या चौकटीत काम शोधा, उदाहरणार्थ 'डिलीट लाइन'. त्या ओळीवर डबल क्लिक करा, हवी ती बटणं दाबा, एंटर. झालं. ती बटणं आधीच दुसऱ्या कुणाला दिलेली असतील तर तिथंच सूचना येते. पस्तावलात तर उजवं क्लिक करून 'रीसेट'.

याचा खरा उपयोग कुठं? सेकंडहँड लॅपटॉपचं एखादं बटण मेलेलं असतं. समजा वरच्या डाव्या कोपऱ्यातलं, एस्केपखालचं बटण चालत नाही. व्हीएस कोडमध्ये टर्मिनल उघडायला कंट्रोलबरोबर नेमकं तेच लागतं. मग नवा कीबोर्ड बसवायला हजार-दीड हजार घालवायचे? त्या कामाला दुसरी बटणं द्या. ज्याला डाव्या हातानं बाणांपर्यंत पोचणं अवघड जातं, ज्याचं बोट दुखावलंय, त्यालाही हाच रस्ता.

आता थोडं खोलात. या शॉर्टकटचीही एक फाइल असते, 'कीबाइंडिंग्ज डॉट जेसन'. त्यात प्रत्येक नोंदीला तीन भाग असतात: कुठली बटणं, कुठलं काम, आणि 'व्हेन' म्हणजे केव्हा. हा 'केव्हा' फार भारी प्रकार आहे. एकच बटण जागा बघून वागतं. टर्मिनलमध्ये कंट्रोल + सी दाबलं तर काय होतं? मजकूर सिलेक्ट केलेला असेल तर कॉपी होतो. नसेल तर चालू प्रोग्राम थांबतो. हे 'केव्हा'च्याच अटीमुळं. तुम्हीही सांगू शकता, की कंट्रोल + एफ-९ दाबलं आणि फाइल पायथनची असेल तरच ती चालव. टर्बोवाल्या दादालाही त्याचा एफ-९ परत मिळाला.

नियम खालून वर वाचले जातात. दोन नोंदी जुळल्या तर खालची जिंकते. एखादा मूळचा शॉर्टकट नकोच असेल तर कामाच्या नावाआधी वजा चिन्ह लावायचं. बघा ना, अट आली, क्रम आला, कोण कुणावर भारी हे आलं. 'इफ-एल्स'चा धडा पुस्तकात वाचून समजत नसेल तर इथं समजतो, कारण इथं चुकलं की आपल्याच बोटाला कळतं.

जोडीला 'स्निपेट' शिकून घ्या. प्रॅक्टिकलच्या प्रत्येक फाइलवर नाव, रोल नंबर, प्रॅक्टिकल नंबर, तारीख लिहावीच लागते. त्याचा एक स्निपेट करा. तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की सगळं डोकं तयार, आजच्या तारखेसह. कर्सर नेमका प्रॅक्टिकल नंबरच्या जागी येऊन थांबेल अशीही सोय आहे.

जत म्हणजे 'पी' आणि 'एल'

कीबोर्डचा विषय निघालाय तर आपल्या तालुक्याची एक गंमत सांगायलाच हवी. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'ज' आहे पीच्या बटणावर आणि 'त' आहे एलच्या. म्हणजे 'जत' लिहायला दोनच बटणं: पी, एल. रोमनमधून लिहाल तर जास्त लागतात.

इनस्क्रिप्टची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये पुढं आणली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात गेली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. 'क' आहे के वर, शिफ्ट धरलं की 'ख'. पण खरी गोष्ट पुढंच आहे. ही मांडणी एकट्या देवनागरीची नाही. कन्नड कीबोर्डवरही 'क' त्याच बटणावर, 'त' त्याच बटणावर, 'ळ' त्याच बटणावर. काही जास्तीची अक्षरं सोडली तर बोटांची सवय तीच.

उमदी, संखकडच्या मुलामुलींना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. घरात कन्नड, शाळेत मराठी किंवा कन्नड, कॉलेजात इंग्रजी पुस्तकं. एकदा मराठी इनस्क्रिप्ट बोटांत बसलं की आजीची कन्नड टाइप करायला वेगळा क्लास लावायला नको; विंडोजमध्ये कन्नड कीबोर्ड जोडला की काम झालं. विजयपूरच्या दुकानदाराला दोन भाषांत बिल देणारं छोटं सॉफ्टवेअर करायचं म्हणाल, तर या जोडकामाचा माणूस पुण्यात शोधून सापडायचा नाही. तो आपल्याच बाकावर बसलेला असतो.

एडिटरमध्ये मराठी मजकूर टाकताना दोन गोष्टी करा. 'फॉन्ट फॅमिली'मध्ये आधी कोडचा फॉन्ट, मग स्वल्पविराम, मग देवनागरीचा फॉन्ट लिहा. 'निर्मला यूआय' विंडोजमध्ये असतोच. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' फुकट मिळतो. इंग्रजी अक्षरं पहिल्या फॉन्टमधून येतात, मराठी दुसऱ्यातून. दुसरं म्हणजे, कोडच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते, देवनागरीत तशी नसते. म्हणून मराठी शब्दांच्या पुढं स्पेस मारून रकाने सरळ करत बसू नका. ते सरळ होत नाहीत, आणि चूक तुमची नसते.

लॅबचा पीसी आपला नसतो

एवढं सगळं करून लॅबमध्ये गेलात आणि पीसी कोरा. प्रॅक्टिकल परीक्षेला तर हमखास. मग?

यावर एक जुनी गोष्ट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत 'टेको' नावाचा एडिटर होता आणि त्यावर ज्यानं त्यानं आपापले शॉर्टकट, आपापले मॅक्रो रचले होते. प्रत्येकाचं वेगळं. अखेर वेळ अशी आली, की एकाच्या टर्मिनलवर दुसरा बसला तर त्याला काही चालवता येईना. मग गाय स्टील यांनी ही वेगवेगळी मांडणी एकत्र करायला घेतली आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ती पुढं नेली. १९७६ मध्ये त्यातून 'ईमॅक्स' तयार झाला. आजही ईमॅक्सची ओळख म्हणजे हवं ते बदलता येतं. पण त्याचा जन्म झाला तो सगळ्यांनी सगळंच बदलल्यामुळं झालेल्या गोंधळातून.

आपल्यासाठी धडा सरळ आहे. मूळचे दहा-बारा शॉर्टकट जसे आहेत तसे पाठ पाहिजेत. ते बदलू नका. बदल करायचा तो त्यांच्या पलीकडं. नाहीतर घरी राजा आणि परीक्षेत भोपळा. पुढं नोकरीच्या मुलाखतीत स्क्रीन शेअर करून त्यांच्या एडिटरमध्ये कोड लिहायला लावतात, तिथंही तेच.

ज्याच्याकडं लॅपटॉप नाही त्याच्यासाठी 'पोर्टेबल मोड' आहे. व्हीएस कोडची झिप फाइल उतरवायची, पेन ड्राइव्हवर उघडायची आणि त्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर करायचं. आता सेटिंग, शॉर्टकट, एक्स्टेन्शन्स सगळं त्यातच राहतं. कुठल्याही विंडोज पीसीला पेन ड्राइव्ह लावा, तुमचा एडिटर हजर. चालायला जरा हळू चालतो, आणि लॅबमध्ये पेन ड्राइव्ह लावायला परवानगी आहे का हे आधी सरांना विचारा. मायक्रोसॉफ्ट किंवा गिटहबच्या खात्यातून 'सेटिंग्ज सिंक' करायचीही सोय आहे. पण लॅबच्या पीसीवर ती वापरली तर उठताना साइन आउट करायला विसरू नका. पुढच्या तासाला तुमच्या खात्यावर कोण बसेल सांगता येत नाही.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये तर वेगळीच मजा. एकाचा टॅब चार स्पेसचा, दुसऱ्याचा खराखुरा टॅब. पायथन ३ अशी सरमिसळ चालवून घेत नाही, सरळ 'टॅब एरर' देतो. कुणाचं 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू असेल तर त्यानं एक ओळ बदलली तरी गिटमध्ये सगळी फाइल बदललेली दिसते, आणि नेमकं काय बदललं हे शोधता शोधता रात्र जाते. यासाठी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'डॉट व्हीएसकोड' नावाचं फोल्डर करून त्यात प्रोजेक्टपुरती सेटिंग्जची फाइल ठेवता येते. ती तुमच्या वैयक्तिक सेटिंगवर मात करते. फॉन्ट, थीम ज्याची त्याची. टॅब आणि फॉरमॅटिंग सगळ्यांचं एक. पहिल्या मीटिंगलाच हे ठरवून टाका, शेवटच्या आठवड्यातली भांडणं वाचतील.

थीम बदलत बसू नका

आता उलट बाजूही सांगायला हवी. एडिटर सजवणं हा एक नाद आहे. रात्री दहाला थीम बघायला बसलं की बारा कधी वाजले कळत नाही. डझनभर एक्स्टेन्शन्स टाकली की चार जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकायला लागतो. असाइनमेंट मात्र तिथंच. खुरप्याला मूठ बसवून झाली की शेतात उतरायचं असतं.

हिशोबही बघा. एका शॉर्टकटनं दोन सेकंद वाचले आणि दिवसात तो पन्नास वेळा वापरला, तर वाचले शंभर सेकंद. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तरी तो शिकायचा, कारण वाचतं ते दुसरंच. डोक्यात लूपचं गणित चालू असताना माऊस शोधायला हात गेला की धागा तुटतो. हात कीबोर्डवरच राहिला तर विचारही जागेवर राहतो. म्हणून नियम एकच: एखादं काम दिवसात दहा वेळा हातानं करताय असं लक्षात आलं, तरच त्याचा शॉर्टकट शोधा किंवा करा. यूट्यूबवरची 'पन्नास शॉर्टकट'ची यादी पाठ करून काही होत नाही. ज्याची गरज पडते तो बोटात राहतो, बाकीचे दुसऱ्या दिवशी विसरतात.

आणि कधी काहीच आठवलं नाही तर कंट्रोल + शिफ्ट + पी. कमांडची चौकट उघडते. हवं ते काम इंग्रजीत टाइप करा. काम तर होतंच, शिवाय त्या कामाचा शॉर्टकट शेजारी लिहिलेला दिसतो. शिक्षक खिशात घेऊन फिरल्यासारखं.

चौकट: या आठवड्यात एवढंच

सोमवार: फॉन्ट साइझ आणि ऑटो सेव्ह. दहा मिनिटांचं काम.

मंगळवार: कंट्रोल + पी. फाइलचं नाव टाइप करून उघडा, डावीकडच्या यादीत शोधू नका.

बुधवार: ऑल्ट + वर-खाली बाण. ओळ उचलून न्या. कट-पेस्ट बंद.

गुरुवार: कंट्रोल + / दाबून ओळ कमेंट करा, पुन्हा दाबून कमेंट काढा.

शुक्रवार: कंट्रोल + डी. एकच शब्द चार ठिकाणी असेल तर चार वेळा दाबा, एकदाच बदला. व्हेरिएबलचं नाव सगळीकडं बदलायचं असेल तर मात्र एफ-२ जास्त भरवशाचा.

शनिवार: एक शॉर्टकट स्वतःचा करा. एकच. त्याची गरज तुमच्या आठवड्यातून आलेली हवी.

रविवार: सेटिंग्ज आणि शॉर्टकटच्या दोन्ही फाइली स्वतःला मेल करा. आणि लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या, अजून माऊसनं ओळी ओढणाऱ्या मैत्रिणीला किंवा मित्राला बुधवारचा शॉर्टकट दाखवा.